कवडशाचा रंग

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दहा-बारा दिवस झाले होते. सकाळी तिच्या खोलीत डोकावले, तर ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि एकदा डावा, एकदा उजवा, असा एकेक डोळा तळहाताने झाकून बघत होती. माझी चाहूल लागली तशी मागे न वळताच म्हणाली, "या डोळ्याने भिंत चांगली पिवळी दिसते गं. आणि या डोळ्याने बघितलं की नुसती पिवळसर, पांढऱ्याला धरून. तू नक्की कोणता रंग दिलास?"

मी दारातच थांबले. त्या भिंतीच्या रंगापायी मी दोनदा खोली रिकामी केली होती, शेडकार्डं चाळून चाळून त्यांचे कोपरे मऊ झाले होते, आणि एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर मला चटकन देता येईना.

सुरुवात कवडशापासून झाली. आई आमच्याकडे कायमची राहायला आली तेव्हा पूर्वेच्या खिडकीची झोपायची खोली तिला दिली. भिंती करड्या पांढऱ्या, पडदे तपकिरी, एकूण खोली निमूट होती. पण सकाळी सातच्या पुढे खिडकीसमोरच्या भिंतीवर, छताखाली हातभर अंतरावर, एक कवडसा पडायचा. सूर्य वर चढेल तसा तो भिंतीवरून खाली सरकायचा, उशीवर यायचा, मग चादरीवरून घसरत जमिनीवर जायचा. आई जागी असायची, पण उठायची नाही. उशीवर हात ठेवून कवडशाची वाट बघायची, आणि ऊन हातावर आलं की मग उठून बसायची.

घरात शिरलेल्या उन्हाच्या तुकड्याला आपल्याकडे स्वतंत्र शब्द आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. बाहेर असतं ते ऊन. फटीतून येते ती तिरीप. आत येऊन भिंतीवर, फरशीवर बसतो तो कवडसा. एक-दोन आठवडे त्याच्याकडे नीट बघितल्यावर कळलं, की त्याचा रंग एक नाही. छताखाली असतो तेव्हा तो मधासारखा, थोडा तांबूसच. उशीपर्यंत येतो तेव्हा पिवळा. जमिनीवर पोचेपर्यंत जवळजवळ पांढरा. सूर्य क्षितिजालगत असताना त्याचा प्रकाश हवेच्या फार जाड थरातून येतो. वाटेत निळा प्रकाश इकडेतिकडे विखुरला जातो आणि आपल्यापर्यंत पोचतो तो उरलेला, पिवळा-तांबडा. सूर्य वर आला की हवेतली वाट छोटी होते आणि ऊन पांढरं पडतं. म्हणजे आईच्या भिंतीवर रोज सकाळी तास-दीड तासात पिवळ्याच्या सगळ्या छटा वरून खाली उतरत होत्या.

मी ठरवलं, अख्खी खोली त्या रंगाची करायची.

पहिल्यांदा मी रंग निवडला तो भर दुपारी, खिडकीत उभं राहून, बोटाएवढ्या चौकोनावरून. लिंबाच्या सालीसारखा, स्वच्छ, हसरा पिवळा. चारही भिंतींना तोच द्यायचा ठरला. आमचे रंगारी काका वयस्कर आहेत आणि मोजकं बोलतात. कार्ड हातात घेऊन ते म्हणाले, "ताई, यापेक्षा दोन घरं फिका घ्या. चार भिंतींवर गेला की पिवळ्याच्या अंगात येतं." मी ऐकलं नाही. मला कवडसा हवा होता, आणि कवडसा काही फिका नसतो.

लांबी भरून, पॉलिश पेपर मारून, प्रायमरवर रंगाचे दोन हात झाले तरी खालचं दिसत होतं. तिसरा झाला, चौथा झाला. चकचकीत पिवळ्या रंगद्रव्यांची झाकण्याची ताकद मुळातच कमी असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. काका म्हणाले तसं खाली आधी मातकट पिवळ्याचा एक हात मारला असता, तर वरचे दोन वाचले असते.

दुपारी खोली झगमगली. मी खूश होते. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी आत गेले आणि मला ती खोली ओळखूच येईना. कोपऱ्यांतून हिरवट, शेवाळी झाक आली होती. कपाटामागची पट्टी तर गढूळ दिसत होती. पांढरं छतही पिवळं झालं होतं. आई पलंगावर बसली होती आणि तिचा चेहरा पिवळाफटक, आजाऱ्यासारखा दिसत होता. ती काही बोलली नाही. पण त्या रात्रीपासून ती भिंतीकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून झोपायला लागली.

नंतर मी यावर पुष्कळ वाचलं आणि त्याहून जास्त बघितलं. त्यातली एक गोष्ट इतकी साधी आहे, की ती आधी का सुचली नाही याची हळहळ वाटते. लाल रंग गडद झाला तरी लालच राहतो. निळा गडद झाला तरी निळाच. पिवळा मात्र गडद झाला की पिवळा राहत नाही, तो शेवाळी होतो नाहीतर तपकिरी होतो. म्हणून तर आपण गडद निळा म्हणतो, गडद लाल म्हणतो, पण "गडद पिवळा" म्हटलं की डोळ्यांसमोर धड काही येत नाही. भाषेत आहेत ते पिवळाधमक, पिवळाजर्द. म्हणजे उजेडातलेच शब्द. पिवळ्याला सावली सोसत नाही, आणि झोपायची खोली तर सावलीचीच असते. तिथे आपण भर दुपारी क्वचित जातो. जातो ते दिवस मावळल्यावर, उठतो ते उजाडताना.

त्यात डोळ्याचीही गंमत आहे. भरपूर उजेडात आपला डोळा साधारण ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतो. शुद्ध पिवळा त्याच्या शेजारीच, ५७० ते ५९०च्या मध्ये. म्हणून दुपारी पिवळा सगळ्या रंगांत उजळ वाटतो. पण उजेड खूप कमी झाला, की डोळ्यातल्या दुसऱ्या पेशी काम हाती घेतात आणि त्यांचा कल ५०७च्या आसपास, निळ्या-हिरव्याकडे असतो. दिवेलागणीला लाल-पिवळी फुलं काळवंडतात आणि पानं त्यांच्यापेक्षा उजळ दिसतात, ते यामुळे. १९व्या शतकात पुर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञाने पहाटेच्या अंधूक उजेडात फुलं बघताना हे टिपलं, म्हणून हा बदल त्याच्या नावाने ओळखला जातो. मी रंग निवडला होता दुपारच्या डोळ्याने, आणि आईला तो बघायचा होता तिन्हीसांजेच्या.

आणि रंग अंगात येणं म्हणजे काय, तेही कळलं. पिवळी भिंत निळा प्रकाश गिळते आणि उरलेला परत फेकते. तो समोरच्या पिवळ्या भिंतीवर पडतो. ती त्यातला आणखी निळा गिळते आणि अधिकच पिवळा प्रकाश परत पाठवते. चार भिंती एकमेकींना अशा चढवत राहतात. छत त्यात सापडतं, चादर सापडते, माणसाचा चेहराही सापडतो. बोटाएवढ्या चौकोनावर यातलं काही दिसत नाही. मोबाइलच्या पडद्यावर तर मुळीच नाही. तिथे पिवळा प्रकाश नसतोच, लाल आणि हिरवे ठिपके शेजारीशेजारी पेटवून डोळ्याला पिवळ्याचा भास दिलेला असतो.

रंगवलेली खोली चार महिन्यांत पुन्हा रंगवायची म्हणजे घरातल्यांच्या कपाळाला आठ्या पडणारच. पण आई खिडकीकडे तोंड करून झोपत होती, ते मला बघवत नव्हतं.

दुसऱ्या खेपेला मी घाई केली नाही. शाळेतली रंगपेटी आठवली. लेमन यलो, गॅम्बोज, क्रोम यलो, यलो ऑकर. त्यातली ऑकरची वडी नेहमी शिल्लक राहायची. मातकट, कोणाला नको असलेली. लिंबू रंगाची वडी पहिल्या महिन्यातच खरवडून संपायची. आता वाटतं, झोपायच्या खोलीसाठी ती उरलेली वडीच खरी.

ऑकर म्हणजे पिवळी माती. लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी एकत्र येऊन तिच्यातला रंग तयार होतो. तापवली की पाणी निघून जातं आणि तीच माती लाल होते. फ्रान्समधल्या लास्को गुहेतले पिवळे घोडे याच मातीने रंगवलेले आहेत. साधारण १७,००० वर्षं झाली, तो पिवळा अजून पिवळा आहे. ज्याला गंज चढायचा तो आधीच चढलेला आहे, मग प्रकाश त्याचं आणखी काय बिघडवणार? बाकीच्या पिवळ्यांची कहाणी इतकी निवांत नाही. हरताळ घ्या. आर्सेनिक आणि गंधक यांचा तो खनिज पिवळा सोन्यासारखा चमकतो आणि विषारी असतो. हस्तलिखित पोथीत अक्षर चुकलं की त्यावर हरताळ फासायचे, कारण तो कागदाच्या रंगाशी मिळून जायचा. आपला वाक्प्रचार तिथून आला. क्रोम यलो त्याच्या कितीतरी नंतरचा. १७९७ साली फ्रान्समध्ये व्होकलँ याने क्रोमियम हे मूलद्रव्य शोधलं, आणि पुढच्या शतकात शिसं आणि क्रोमियमपासून केलेला हा झळझळीत पिवळा सगळीकडे पसरला. चित्रकार व्हॅन गॉगची सूर्यफुलं त्याच रंगातली. २०११ साली क्ष-किरणांनी केलेल्या अभ्यासात दिसलं, की त्याच्या चित्रांतला हा रंग प्रकाशामुळे हळूहळू बदलतो आणि तपकिरी पडतो. त्यातलं शिसं ही आणखी एक काळजी. फार जुन्या घरात पिवळ्या तैलरंगाचे पोपडे असतील, तर ते कोरडे घासून धूळ उडवू नये. लहान मुलं असतील तिथे तर मुळीच नाही. हे मी आवर्जून सांगते, कारण रंगाच्या हौसेत याच्याकडे लक्ष जात नाही.

हल्ली भिंतींच्या रंगातला मंद, मातकट पिवळा बहुतेक वेळा लोहाच्या त्याच संयुगाचा असतो, फक्त कारखान्यात केलेला. तो झाकतो चांगला आणि टिकतोही. काकांनी डब्याचं झाकण उघडून लाकडी पट्टीने ढवळलं तेव्हा वर आला तो रंग बघून मी थोडी हिरमुसले. वाळलेल्या गवतासारखा होता. काका म्हणाले, "भिंतीवर बसू द्या, मग बोला."

यावेळी आम्ही थेट भिंतीला हात लावला नाही. जाड पुठ्ठ्याचे दोन-दोन फुटांचे पाच तुकडे घेतले आणि प्रत्येकावर एकेका छटेचे दोन हात मारले. ते खोलीत फिरवले. एक दिवस खिडकीसमोर, एक दिवस कपाटामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, एकदा पलंगाच्या डोक्याशी. सकाळी बघितले, तिन्हीसांजेला बघितले, दिव्याखाली बघितले. पाचातले तीन कोपऱ्यात गेल्याबरोबर शेवाळले. एक फारच फिका, त्याला पिवळा म्हणायचं धाडस होईना. उरलेला एक, ज्यात पिवळ्याबरोबर तांबड्याचा पुसटसा अंश होता, तो कोपऱ्यातसुद्धा उबदार राहिला. तांबड्याचा तो अंश नसता, तर सावलीने त्याला हिरव्याकडे ओढलं असतं. पुठ्ठ्यांचा हा उद्योग दहा दिवस चालला. मी तर म्हणेन, महिनाभर चालवावा.

तो रंग आम्ही एकाच भिंतीला दिला. खिडकीसमोरच्या, जिथे कवडसा उतरतो त्या. उरलेल्या तीन भिंतींना पांढरा, पण त्यात त्याच पिवळ्याचे काही थेंब घातलेले. छतालाही तसाच. सगळं मॅट, चकाकी कुठेच नाही, कारण पिवळ्यावर चकाकी आली की दिव्याचा ठिपका भिंतीत तरंगतो आणि आडवं पडलेल्या माणसाच्या नेमका डोळ्यांत येतो.

पहिल्या सकाळी मी आईच्या आधी जाऊन उभी राहिले. कवडसा छताखाली उमटला. वाळक्या गवतासारखी दिसणारी ती भिंत तेवढ्या हातभर जागेत अशी पेटली, की मला काकांना त्याच क्षणी फोन करावासा वाटला. लिंबू रंगाच्या भिंतीवर कवडसा पडायचा तेव्हा कळतही नसे. सगळंच ओरडत असेल तर त्यात एकाचा आवाज कुठून ऐकू येणार? आता भिंत गप्प होती आणि ऊन बोलत होतं.

भिंतीपेक्षा मला कापडाने जास्त शिकवलं. पिवळा भिंतीवर लावला की तो प्रकाश परतवतो. पडद्यात आणला की प्रकाश त्याच्यातून गाळून येतो, आणि तो अगदी निराळा अनुभव असतो. आम्ही पातळ सुती पडदे घेतले आणि सगळ्या खोलीतला सर्वांत झळझळीत पिवळा तिथे ठेवला. ढगाळ दिवशी, बाहेर सगळं राखाडी असताना पडदा ओढून घेतला, तर आत निवांत, सोनेरी उजेड भरतो. भिंतीवर हाच रंग असह्य झाला असता. खिडकीत तो शोभतो, कारण तो नेहमी उजेडाच्या पुढ्यात असतो, सावलीत जायची पाळीच त्याच्यावर येत नाही.

पायथ्याशी मोहरी रंगाची जाड दुलई. चादर आणि अभ्रे पांढरे. आणि एक, फक्त एक, धुरकट निळ्या रंगाची उशी. ती निळी उशी आणली तेव्हा घरात प्रश्न आला, की पिवळ्या खोलीत ही कशाला? ती उचलून बाहेर नेऊन बघा, म्हटलं. नेली तर भिंत लगेच मळकी वाटायला लागली. पॅरिसच्या गोबलाँ इथल्या विणकामशाळेत रंगाईचा प्रमुख असलेल्या शेव्हरलकडे तक्रार आली होती, की तिथला काळा धागा विणल्यावर पुरेसा काळा दिसत नाही. त्याने तपासलं तर धाग्यात खोट नव्हती, शेजारच्या रंगांनी त्याला फिका पाडलं होतं. १८३९ साली त्याने हे सविस्तर मांडलं: प्रत्येक रंग शेजाऱ्याला आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतो. पिवळ्याच्या शेजारी पांढरी चादर किंचित निळसर, म्हणजे आणखी स्वच्छ दिसते, ती त्यामुळेच. आणि निळ्या उशीशेजारी पिवळी भिंत आणखी पिवळी होते. रंग न वाढवता पिवळा वाढवायचा असेल, तर हा मार्ग मला सगळ्यांत आवडतो.

व्हॅन गॉगच्या झोपायच्या खोलीचं चित्र मी पूर्वी शंभरदा बघितलं असेल. १८८८च्या ऑक्टोबरमध्ये त्याने फ्रान्समधल्या आर्लच्या आपल्या खोलीचं चित्र काढलं, ते. आईच्या खोलीचं काम सुरू झाल्यावर पुन्हा बघितलं आणि प्रथमच लक्षात आलं, की तिथे भिंती पिवळ्या नाहीतच. पिवळा आहे तो पलंग आणि खुर्च्या. भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने तो ताज्या लोण्याचा पिवळा म्हटलाय, आणि भिंती फिक्या जांभळ्या. चित्रकारांच्या रंगचक्रात जांभळा हा पिवळ्याचा विरुद्ध रंग. आज त्या भिंती निळ्या दिसतात, कारण जांभळ्यातलं तांबडं रंगद्रव्य दीडशे वर्षांच्या आत उडून गेलं. म्हणजे जी जोडी जुळवायला तो बसला होता, त्यातला एक गडी निघून गेला आणि आपण उरलेल्या चित्रावर प्रेम करतो आहोत. त्याचं मला वाईट वाटतं. पण पलंग मात्र अजून तसाच उबदार आहे, आणि पिवळा कुठे ठेवावा हे त्या पलंगाकडे बघून कळतं: जिथे माणूस टेकतो तिथे.

दिव्याबद्दल थोडक्यात. पिवळ्या खोलीची रात्र बल्बच्या हातात असते. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा दिवा लावला की आमची भिंत आजारी दिसते. २७०० केल्विनचा पिवळसर लावला की पुन्हा जिवंत होते. छतावरचा दिवा आम्ही रात्री लावतच नाही. पलंगाशेजारी, डोळ्यांच्या पातळीखाली एक लहान दिवा आहे, कागदी शेडचा. डोळ्यात शरीराचं घड्याळ सांभाळणाऱ्या पेशी असतात, त्यांना ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश जागं ठेवतो. पिवळी भिंत निळं गिळते, दिवाही कमी निळा. झोपेला तेवढीच मदत. न पेटवलेला उघडा एलईडी कधी जवळून बघा. त्यावर पिवळ्या लेपाचा ठिपका दिसेल. आतून येणारा प्रकाश मुळात निळाच असतो, आणि तो लेप त्यातला काही भाग पिवळ्यात बदलतो, तेव्हा मिळून पांढरा होतो. आपल्या घरातल्या पांढऱ्या उजेडाच्या पोटात असा पिवळा बसलेला आहे, हे कळल्यापासून मी बल्ब बदलताना दर वेळी क्षणभर थांबते.

एवढं सगळं केलं आणि तीन वर्षं ती खोली मला पुरी झाल्यासारखी वाटत होती. मग आईने एकेक डोळा झाकून विचारलं, तू नक्की कोणता रंग दिलास.

डोळ्यातलं भिंग वयानुसार पिवळं पडत जातं. मोतीबिंदू झाला की आणखी. ते निळा प्रकाश अडवतं, म्हणजे माणूस जणू पिवळ्या काचेतून जग बघत असतो. पण हे इतकं हळू होतं, की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो आणि काच आहे हे कळतच नाही. कळतं ते एका डोळ्यातलं भिंग काढून नवं, स्वच्छ भिंग बसवल्यावर. चित्रकार मोनेचं असंच झालं होतं. जिव्हर्नीतल्या घरात त्याने जेवायची खोली पिवळ्याच्या दोन छटांत रंगवली होती, भिंतींसकट कपाटं आणि खुर्च्यासुद्धा. १९२३ साली उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर त्याला सगळं निळं दिसतंय असं वाटू लागलं आणि पिवळट काचांचे चष्मे लावून बघावे लागले. त्याला आपली ती खोली तेव्हा कशी दिसली असेल, असं मला आईच्या दारात उभं राहून वाटलं.

म्हणजे मी दहा दिवस पुठ्ठे फिरवून निवडलेला रंग आईने कधी बघितलाच नव्हता. तिने बघितला होता तो माझा रंग अधिक तिच्या डोळ्यातला पिवळा. आणि पहिली, लिंबू रंगाची खोली? ती मला जितकी उग्र वाटली, तितकीच तिला वाटली होती का, की आणखी? का वेगळीच? मी तिच्याशेजारी पलंगावर बसले आणि विचारलं, "कोणत्या डोळ्याचा रंग बरा वाटतो?"

तिने पुन्हा दोन्ही झाकून बघितले. "जुन्याचा ओळखीचा आहे," ती म्हणाली, "पण या नव्याने तुझी उशी किती निळी दिसते गं! मला ती राखाडी वाटायची." मग थोड्या वेळाने, "दुसरा डोळा झाला की हा जुना रंग जाणार ना?"

जाणार, म्हटलं. तिने मान हलवली आणि डाव्या डोळ्याने भिंतीकडे जरा जास्त वेळ बघितलं. त्या दीड महिन्यात मी तिला पुष्कळदा तसं बघताना पाहिलं. उजवा डोळा झाकून, शांत.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही नीट पार पडलं. पट्टी निघाल्यावर तिसऱ्या की चौथ्या सकाळी मी भीतभीतच विचारलं, "भिंत आता फारच पांढरी वाटते का? हवं तर एक घर गडद करून घेऊ. काका येतील."

"भिंत राहू दे," आई म्हणाली. "कवडसा येतो तेवढा पुरे आहे. पण पडदा बघितलास का?"

मी बघितला. रोज बघते तसाच होता, पिवळा. आई उठली, खिडकीपाशी गेली, एका बाजूला सारलेल्या पडद्याची एक चुणी दोन बोटांत धरून तिने उलगडली. चुणीच्या बाहेरच्या अंगाचा रंग विटून पांढरट, पिठूळ झाला होता. आतल्या खोबणीत, जिथे तीन वर्षांत ऊन पोचलंच नव्हतं, तिथे आणला त्या दिवशीचा झळझळीत पिवळा जसाच्या तसा होता. कापडावरचे पिवळे बऱ्याचदा असेच अल्पायुषी. युरोपातल्या जुन्या, विणलेल्या भित्तिपटांवरची झाडं आज निळी दिसतात, कारण हिरव्यासाठी निळ्यावर चढवलेला पिवळा आधी उडाला. हे मी वाचलं होतं, पण माझ्याच घरातल्या पडद्यावर ते घडत होतं आणि माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं.

आई एकेक चुणी उलगडत गेली. फिका पट्टा, गडद पट्टा, फिका, गडद. शेवटच्या चुणीपाशी थांबून म्हणाली, "इतका पिवळा होता होय हा!" आणि पडदा सोडून न देता, खोबणीतला रंग बाहेर येईल असा उलटा करून, तिने तो नीट सारखा केला.